इतिल सापडले का? व्होल्गाच्या मुखाशी झालेल्या एका शोधाचे प्रकरण

रशियात आस्त्राखानच्या दक्षिणेला, व्होल्गाच्या एका जुन्या फाट्याच्या काठी सामोस्देल्का नावाचे मासेमारीचे गाव आहे. गावाजवळच्या पांढरीच्या टेकाडात तीन ते साडेतीन मीटर जाडीचे वस्तीचे थर आहेत. 2000 सालापासून तिथे पद्धतशीर उत्खनन सुरू झाले. सप्टेंबर 2008 मध्ये वृत्तसंस्थांनी जगभर बातमी दिली, की हजार वर्षांपूर्वी नाहीशी झालेली खझारांची राजधानी इतिल मिळाली. त्या टेकाडाखाली मध्ययुगात मोठे नगर होते, हे आज सगळे मान्य करतात. ते इतिल होते का, यावर मात्र एकमत नाही.

माझ्या मते या प्रकरणात कुदळ चुकली नाही. घोटाळा झाला तो नाव देताना. बातमीत ज्या खुणा पुरावा म्हणून पुढे आल्या, त्या इतिलला जितक्या लागू पडतात, जवळपास तितक्याच त्याच भागातल्या दुसऱ्या एका नगरालाही लागू पडतात. हे कुठल्या टप्प्यांवर घडत गेले ते पाहू. प्रकरण अभ्यासाच्या रिवाजाप्रमाणे हयात संशोधकांची नावे गाळली आहेत. स्थळे आणि सनावळी खरी आहे.

## पार्श्वभूमी

खझार हे मूळचे तुर्की गटातले भटके लोक. सातव्या शतकाच्या मध्यापासून दहाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत कॅस्पियन आणि काळ्या समुद्राच्या उत्तरेकडचा गवताळ पट्टा त्यांच्या ताब्यात होता. दक्षिणेला अरबांची खिलाफत, पश्चिमेला बायझंटाईन साम्राज्य. उत्तरेकडून कातडी, मध, मेण आणि गुलाम खाली येत, चांदी उलट दिशेने वर जाई. हा सगळा माल खझारांच्या दारातून जायचा आणि ते त्यावर दशमांश घ्यायचे. सुरुवातीच्या राजधान्या, बलंजर आणि समंदर, आजच्या दागिस्तानच्या बाजूला होत्या. 737 मध्ये अरब सेनापती मर्वानने खोलवर मुसंडी मारली. त्यानंतर सत्तेचे केंद्र उत्तरेला, व्होल्गाच्या मुखाकडे सरकले आणि तिथे इतिल नावारूपाला आले. राजघराण्याने आणि सरदारांनी पुढे ज्यू धर्म स्वीकारला. प्रजेत मुसलमान, ख्रिस्ती, मूर्तिपूजक सगळेच होते.

दहाव्या शतकातल्या अरब भूगोलकारांनी या नगराचे बऱ्यापैकी तपशीलवार वर्णन करून ठेवले आहे. अल-इस्तख्री सांगतो की नगर नदीच्या दोन तीरांवर पसरलेले आहे, पश्चिमेकडचा भाग मोठा आहे आणि लांबी सुमारे एक फरसख, म्हणजे पाच-सहा किलोमीटर आहे. घरे बहुतेक नमद्याचे तंबू, थोडी मातीची. बाजार आहेत, हमामखाने आहेत. मुसलमान दहा हजारांवर आणि मशिदी तीसेक. लोकांचे मुख्य अन्न भात आणि मासे. राजाचा वाडा भाजक्या विटांचा, आणि दुसऱ्या कोणालाही भाजक्या विटेत बांधायची मुभा नाही. हे शेवटचे वाक्य लक्षात ठेवा. पुढे सगळे प्रकरण याच वाक्याभोवती फिरते.

अल-मसूदी सात न्यायाधीशांचा उल्लेख करतो: मुसलमानांचे दोन, ज्यूंचे दोन, ख्रिस्त्यांचे दोन आणि बाकीच्या मूर्तिपूजकांसाठी एक. 921-22 मध्ये बगदादहून व्होल्गाकाठच्या बल्गारांकडे गेलेला इब्न फदलान खागानच्या, म्हणजे खझारांच्या सर्वोच्च राजाच्या, दफनाबद्दल लिहितो. वीस दालनांचे मोठे घर बांधायचे, प्रत्येक दालनात एक कबर खणायची आणि वरून नदीचे पाणी सोडायचे. हे खरे असेल, तर खागानची कबर शोधणाऱ्याला नदीच उलटी फिरवावी लागेल!

960 च्या दशकात कीवचा राजपुत्र स्व्यातोस्लाव्ह याच्या फौजांनी खझारांची सत्ता मोडली. पुढच्या दोन शतकांत व्होल्गाच्या खालच्या भागात साक्सीन नावाच्या नगराचा बोलबाला झाला. आंदालुसियातून निघालेला प्रवासी अबू हमीद अल-गर्नाती 1131 मध्ये तिथे पोचला आणि बरीच वर्षे राहिला. 1229 मध्ये मंगोलांपुढे पळणारे साक्सीनी लोक बल्गारांकडे आश्रयाला गेल्याची नोंद रशियन बखरीत आहे. इतिल कुठे संपले आणि साक्सीन कुठे सुरू झाले, ही या प्रकरणाची खरी गाठ.

## अडचण

एवढी वर्णने हाताशी असताना नगर सापडत का नाही, असे वाचणाऱ्याला वाटणारच. पहिली अडचण वर्णनांचीच आहे. इस्तख्रीच्या मते राजवाडा काठापासून जरा दूर आहे. मसूदी तो नदीतल्या बेटावर ठेवतो आणि तिथे जायला नावांचा पूल सांगतो. खझार राजा योसेफने स्पेनमधल्या कोर्दोबाचा ज्यू दरबारी हस्दाय इब्न शप्रूत याला पाठवलेल्या पत्रातही बेटाची गोष्ट आहे, पण त्या पत्राचे लहान-मोठे दोन पाठ आहेत आणि त्याच्या अस्सलपणावर विद्वानांनी भरपूर वाद घातले आहेत. अंतरे दिवसांत दिली आहेत: समंदरहून सात-आठ दिवस, गवताळ मैदानातून बल्गारपर्यंत महिनाभर, नदीतून प्रवाहाविरुद्ध दोन महिने. उंट किती वेगाने चालला यावर नकाशातला ठिपका पन्नास-शंभर किलोमीटर सहज सरकतो. शिवाय इतिल हेच नदीचेही नाव, त्यामुळे मजकुरात कुठे नदी आणि कुठे नगर हे संदर्भावरून ठरवावे लागते.

दुसरी अडचण बांधणीची. योसेफच्या पत्रात आणि अरब लेखनात सारखीच सापडणारी गोष्ट अशी, की लोक हिवाळा नगरात काढायचे आणि वसंत लागला की गुरे-शेतीसाठी बाहेर पडायचे. म्हणजे हे नगर वर्षातले काही महिने निम्मेशिम्मे रिकामे. तंबू उपसून नेले, की मागे काय उरणार? जत्रा उठलेल्या मैदानात उरते तेवढेच: चुलीची राख, हाडे, फुटकी खापरे आणि काठ्या रोवलेल्या खळग्यांची वर्तुळे. दगड तर त्रिभुज प्रदेशात मिळतच नाही.

तिसरी अडचण पाण्याची, आणि ती सगळ्यांत मोठी. समुद्रापाशी व्होल्गाचा त्रिभुज प्रदेश सुमारे 160 किलोमीटर रुंद होतो. नदीचे शेकडो फाटे जागा बदलत राहतात, दर वसंतात पूर येतो आणि गाळाचा नवा थर पसरतो. त्यात कॅस्पियनची पातळी कधीच स्थिर नसते. एकट्या विसाव्या शतकात, 1929 ते 1977 या काळात, ती सुमारे तीन मीटरने उतरली आणि 1978 ते 1995 मध्ये अडीच मीटरच्या आसपास पुन्हा चढली. उत्तर कॅस्पियन इतका उथळ आहे, की एक मीटर पाणी चढले तरी किनारा कित्येक किलोमीटर आत येतो. दहाव्या शतकातला किनारा कुठे होता हे कळल्याशिवाय "नदीच्या मुखाशी" या शब्दांना नकाशावर जागाच मिळत नाही.

आणि जे वर उरले ते माणसांनी नेले. सोनेरी टोळी, म्हणजे मंगोलांचे या भागातले राज्य, तिची राजधानी सराय हिचे अवशेष आजच्या सेलित्रेन्नोये गावापाशी आहेत. सोळाव्या शतकात आस्त्राखानचा क्रेमलिन, म्हणजे किल्ला, बांधताना तिथल्या विटा गाडीने आणल्या गेल्या. विटेची ही चोरी, किंवा काटकसर म्हणा, या भागात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे.

## कोणते पर्याय समोर होते

विसाव्या शतकात या शोधाला दोन धडे मिळाले. त्यांची दखल घेतल्याशिवाय 2000 नंतरचे निर्णय नीट समजत नाहीत.

पहिला धडा सार्केलचा. डॉन नदीवरचा हा खझार किल्ला 830-40 च्या सुमारास बायझंटाईन कारागिरांच्या मदतीने बांधला गेला. सम्राट कॉन्स्टंटाईन पॉर्फिरोजेनिटसच्या ग्रंथात त्याची हकीगत आहे. बांधकामाला दगड मिळेना म्हणून तिथेच भट्ट्या घालून विटा भाजल्या, नदीतल्या बारीक गोट्यांपासून चुना केला आणि तीनशे शिबंदी ठेवली. मिखाईल आर्तामोनोव्ह यांनी 1930 च्या दशकात आणि पुन्हा 1949 ते 1951 या काळात त्सिम्ल्यान्स्कजवळ जे खोदले, ते या वर्णनाशी जुळले. भाजक्या विटा होत्या, त्यांवर कोरलेल्या खुणा होत्या, एवढेच काय, बायझंटाईन घाटाचे संगमरवरी खांबही होते. 1952 मध्ये धरणाच्या जलाशयात ती जागा बुडाली, पण ओळख पक्की झाली होती. ती पक्की झाली कारण मजकुरात पडताळता येतील अशा, दुसऱ्या कुठल्या जागेला सहज न लागू पडणाऱ्या गोष्टी होत्या.

दुसरा धडा आर्तामोनोव्ह यांचेच शिष्य लेव्ह गुमिल्योव्ह यांचा. उमेदीची अनेक वर्षे स्टालिनच्या छावण्यांत काढून आलेला हा माणूस 1959 पासून त्रिभुज प्रदेशात होड्यांतून हिंडला. वातावरण खझारांना अनुकूल नव्हते. 1951 मध्ये कम्युनिस्ट पक्षाच्या 'प्रावदा' या मुखपत्राने आर्तामोनोव्ह यांच्यावर खझारांना फार मोठे केल्याबद्दल टीका केली होती. गुमिल्योव्ह यांनी प्रश्न भूगोलाकडून धरला. पुराच्या प्रदेशात माणसे राहिली असतील, तर मेलेल्यांना उंचावर पुरणार. म्हणून त्यांनी बेअरच्या टेकड्या धरल्या. पूर्व-पश्चिम पसरलेले हे लांबट उंचवटे कार्ल बेअर या एकोणिसाव्या शतकातल्या निसर्गशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखले जातात. स्तेपान राझिनच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या टेकडीवर त्यांना खझार काळातली दफने मिळाली. कॅस्पियनच्या काठावरच्या देर्बेंट शहराच्या सहाव्या शतकातल्या तटबंदीचा समुद्रात गेलेला भागही त्यांनी पाण्यात उतरून पाहिला, कारण भिंत बांधली तेव्हा पाणी किती खाली असणार याचा अंदाज त्यावरून येतो. नगर मात्र हाती लागले नाही.

तेव्हा 1990 च्या दशकात, सामोस्देल्काच्या टेकाडाकडे अभ्यासकांचे लक्ष गेले त्या काळात, तीन वाटा होत्या. नगर नदीने किंवा समुद्राने गिळले असे धरून पाण्याखाली शोधायचे. किंवा वरच्या अंगाला, सोनेरी टोळीच्या नगरांच्या आसपास पाहायचे, कारण राजधान्या जुन्याच जागी पुन्हा वसतात. किंवा त्रिभुज प्रदेशातलीच जी जागा जाड थरांची आणि बेटासारखी आहे, तिथे खाली जायचे.

तिसरी वाट निवडली गेली आणि ती बरोबरच होती. पाण्याखालचा शोध महाग, गढूळ पाण्यात जवळजवळ आंधळा. सरायसारख्या जागी सोनेरी टोळीचा थर इतका भरघोस, की खाली पोचेपर्यंत एका संशोधकाची कारकीर्द संपावी. सामोस्देल्कात निदान सगळे थर एकावर एक होते.

## काय केले

उत्खनन मॉस्को आणि आस्त्राखान इथल्या संशोधकांनी मिळून हाती घेतले. पैसा मुख्यतः रशियन ज्यू काँग्रेसच्या खझार प्रकल्पातून आला. हे मुद्दाम सांगतो, कारण पैसा देणाऱ्याची उत्सुकता कशात आहे हे सगळ्यांना माहीत होते. यात गैर काहीच नाही. विद्यापीठाच्या तुटपुंज्या अनुदानावर असे काम वर्षानुवर्षे चालले नसते. पण "मध्ययुगीन नगर" या नावाला मिळणारा पैसा आणि "खझारांची राजधानी" या नावाला मिळणारा पैसा सारखा नसतो, हे प्रत्येक उत्खनन करणारा जाणून असतो.

वरून खाली जाताना चित्र असे उलगडले. सगळ्यांत वर तेराव्या-चौदाव्या शतकाचा, सोनेरी टोळीच्या काळातला थर. चौदाव्या शतकात कॅस्पियन चढला आणि वस्ती पाण्याखाली गेली. त्याखाली मंगोलपूर्व काळाचा, अकराव्या-बाराव्या शतकाचा भरगच्च थर: भाजक्या विटांची बांधकामे, भरपूर खापरे, माशांच्या हाडांचे ढीग. खापरांत ओघुझ तुर्कांची आणि बल्गारांची घडण ओळखू येत होती. आणि तळाशी नवव्या-दहाव्या शतकाचा थर, ज्यात तंबूच्या आकाराची, कुडाच्या भिंतींची गोल घरे आणि जळिताच्या खुणा होत्या.

पहिला मोठा निर्णय आडवे जायचे की खोल. मधल्या थरातली घरे पाहायची, तर मोठा चौक उघडावा लागतो आणि काळजीपूर्वक एकेक भिंत मोकळी करावी लागते. तळाशी पोचायचे, तर या भिंती काढून टाकाव्या लागतात, कारण खालचा थर वरचा नष्ट केल्याशिवाय दिसत नाही. शिवाय नदीकाठच्या या मातीत खड्डा खोल गेला, की पाणी लागायला सुरुवात होते. साहजिकच मधला थर ऐसपैस उघडला गेला आणि तळाचा त्या मानाने थोड्या जागेत. शास्त्राच्या दृष्टीने हे सभ्य वागणे झाले. पण परिणाम असा, की ज्या शतकांबद्दल सगळ्यात मोठा दावा व्हायचा होता, त्याच शतकांचा उघडलेला तुकडा सगळ्यात लहान राहिला.

दुसरा निर्णय विटांचा. मधल्या थरातल्या बांधकामांत वापरलेल्या विटा दुसऱ्यांदा वापरलेल्या होत्या. अशी वीट ओळखू येते. कडा झिजलेल्या असतात, जुन्या चुन्याचा लेप चुकीच्या बाजूला चिकटलेला असतो, अर्ध्या-पाऊण तुकड्यांची भरणी असते. मग मूळच्या विटा कुठल्या? इथे इस्तख्रीचे वाक्य कामी आले. खझारांच्या राजधानीत भाजकी वीट फक्त राजाची, म्हणजे या विटा खागानच्या मोडलेल्या वाड्याच्या. युक्तिवाद सुबक आहे. तो ऐकताना मलाही पटला होता. पण त्याचा पाया पाहिला तर त्यात एक वळसा आहे. हे नगर इतिल आहे असे धरले, तरच वीट राजाची ठरते, आणि वीट राजाची म्हणून नगर इतिल ठरते. शिवाय सार्केल आणि सेमिकाराकोरीचा किल्ला, दोन्ही डॉनच्या खोऱ्यातले, तिथेही भाजक्या विटा आहेत. म्हणजे वीट राजसत्तेची खूण असेल, राजधानीची असेलच असे नाही. आणि खझार गेल्यावर साक्सीनच्या लोकांना भट्टी लावायला कोणाची परवानगी लागणार होती?

तिसरा निर्णय 2008 चा: जाहीर करायचे. सांगण्यासारखे होते ते असे. जागा त्रिभुज प्रदेशातल्या जुन्या बेटावर. त्रिकोणी आकाराच्या विटांच्या गढीची रूपरेषा. तंबूसारखी घरे. तळाचा थर खझार काळाचा. ज्यू धर्माची एकही निर्विवाद खूण नाही, हेही तेव्हाच दिसत होते, आणि ते मला फारसे खटकत नाही. ज्यू धर्म दरबाराचा होता, कुडाच्या घरात राहणाऱ्या कोळ्याच्या चुलीपाशी तो सापडेल अशी अपेक्षाच चूक. खटकते ते वेगळेच. नगराचे नाव असलेली एकही वस्तू नव्हती: नाणे नाही, मुद्रा नाही, कोरीव लेख नाही. खझारांच्या बाबतीत अशी अपेक्षा अवाजवीही नाही. 837-38 सालची, "खझार देश" असे अरबी अक्षरांत छापलेली चांदीची नाणी जगाला माहीत आहेत. त्याच मालिकेतले "मूसा अल्लाहचा प्रेषित" असा मजकूर असलेले नाणे 1999 मध्ये स्वीडनच्या गॉटलंड बेटावरच्या स्पिलिंग्स इथल्या ठेव्यात मिळाले.

## निष्पत्ती

बातमीने काम केले. जगाला खझार कोण हे कळले, जागेला प्रतिष्ठा मिळाली, काम पुढे चालू राहिले. अभ्यासकांच्या वर्तुळात मात्र विरोध उभा राहिला. खझार किल्ल्यांचे जाणकार म्हणू लागले, की वर्णनातल्या राजधानीच्या मानाने हे फार थोडे आहे आणि तटबंदीचा पुरावा अपुरा आहे.

खरी पंचाईत विरोधकांनी केली नाही, अल-गर्नातीने केली. त्याने साक्सीनबद्दल लिहिले आहे की तिथे ओघुझांच्या चाळीस टोळ्या राहतात आणि बल्गारांची स्वतंत्र वस्ती व मशीद आहे. आता सामोस्देल्काच्या मधल्या थरातली खापरे आठवा: ओघुझ आणि बल्गार. पुराणवस्तुशास्त्रात मजकूर आणि माती इतकी नेमकी क्वचित जुळतात. म्हणजे मोहिमेला एक नगर चांगल्या पुराव्यानिशी सापडले होते. फक्त ते साक्सीन होते, आणि साक्सीनच्या बातमीला पहिले पान मिळत नाही.

पुढच्या लेखनात उत्खननकर्त्यांनी दोन्ही नावे जोडून मांडणी केली: तळाला इतिल, वर साक्सीन, एकाच जागी. ही शक्यता खुली आहे. मोडलेल्या राजधानीच्या जागी, विटा फुकट मिळत असताना, नवे नगर उभे राहणे अगदी स्वाभाविक. पण ती शक्यता सिद्ध व्हायची, तर तळाच्या थराने स्वतःच्या जोरावर बोलायला हवे. मधल्या थराचा मोठेपणा त्याला उसना देता येत नाही.

2020 च्या सुमारास सामोस्देल्का ज्या कामिझ्याक जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातल्या सेमिबुग्री इथल्या जागेकडे दुसऱ्या संशोधकांनी बोट दाखवले आणि इतिल इथे होते असा दावा केला. पुन्हा बातम्या आल्या. बारा वर्षांपूर्वी सापडलेली राजधानी शेजारीच पुन्हा सापडते, तेव्हा पहिल्या वेळी सापडली होती ती कोण, असा प्रश्न वाचक विचारणारच.

## वेगळे काय करता आले असते

सगळ्यात आधी, खोदण्यापूर्वी एक कागद. त्यावर तीन रकाने: ही जागा इतिल असेल तर काय मिळेल, साक्सीन असेल तर काय मिळेल, आणि यांपैकी कुठली गोष्ट दोन्हीकडे सारखीच मिळेल. माशांची हाडे, तंबूसारखी घरे, बेट, वीट ही सगळी तिसऱ्या रकान्यात गेली असती. पहिल्या रकान्यात उरले असते ते थोडके पण निर्णायक: दहाव्या शतकाच्या थरातच, मूळ जागी उभी असलेली विटांची भिंत. त्याच थरात किलोमीटरभर तरी पसरलेली वस्ती. खिलाफतीकडून आलेल्या मालाचे आणि दिरहमांचे, म्हणजे अरबी चांदीच्या नाण्यांचे, ठळक प्रमाण, कारण जकातीवर जगणाऱ्या राजधानीत ते मिळायलाच हवे. आणि 960 च्या दशकाशी जुळणारे जळित, एखाद्या घरापुरते नव्हे तर नगरभर.

दुसरे, बोअर. तळाचा थर उघडायला वरचे घर पाडावे लागते, पण तो किती पसरला आहे हे कळायला पाडावे लागत नाही. टेकाडावर आणि भोवती ठरावीक अंतरावर नळीने मातीचे नमुने घेतले, तर कुठल्या खोलीवर राख, खापर, शेण, मासे लागतात याचा नकाशा तयार होतो. त्याच नमुन्यांतून जुने फाटे कुठून वाहत होते, बेट खरेच बेट होते का, आणि दहाव्या शतकात पाणी किती दूर होते हेही हाती येते. गुमिल्योव्ह यांनी भूगोलाकडून धरलेला धागा इथे पुन्हा पकडता आला असता.

तिसरे, तारखा. मासे खाणाऱ्यांच्या वस्तीत कार्बन-14 ने फसायला होते. पाण्यातल्या जुन्या कार्बनमुळे माशांची आणि मासे खाणाऱ्या माणसांची हाडे खऱ्यापेक्षा जुनी दिसतात, कधी कधी शेकडो वर्षांनी. नवव्या आणि अकराव्या शतकातच फरक करायचा असेल, तर एवढी चूक सगळा निकाल फिरवू शकते. तारखेसाठी कुडातल्या बारीक फांद्या, धान्य, बोरू असे एका हंगामाचे जिन्नस निवडायला हवेत. विटांसाठी ताप-दीप्ती पद्धत आहे, जी वीट शेवटची कधी भाजली ते सांगते. हजार वर्षांच्या विटेत तिचा फरक पन्नास-शंभर वर्षांचा पडतो, तेव्हा एका विटेवरून काही ठरणार नाही. पण शे-दीडशे विटा मोजल्या आणि त्या अकराव्या शतकाच्या अलीकडेच गोळा झाल्या, तर खागानच्या वाड्याचा युक्तिवाद तिथेच संपतो. पलीकडे गेल्या, तर तो पहिल्यांदा खऱ्या अर्थाने उभा राहतो.

2008 च्या घोषणेबद्दल माझे मत थोडे संमिश्र आहे. गप्प बसून पंधरा वर्षे खोदणे हा सल्ला देणे सोपे, पण गप्प बसणाऱ्याचा पैसा तिसऱ्या वर्षी आटतो. मधला मार्ग होता. "व्होल्गाच्या मुखाशी खझार काळात सुरू झालेले आणि पुढे साक्सीन म्हणून वाढलेले नगर" असे जाहीर केले असते, तर त्यातला प्रत्येक शब्द जवळपास टिकला असता आणि इतिलचा प्रश्न चिन्हासकट खुला राहिला असता. पैसा देणाऱ्या संस्थेलाही हे आधीच सांगून ठेवता येते: राजधानी मिळाली नाही तरी खझारांच्या रोजच्या जगण्याबद्दल जे मिळेल ते दुसरीकडे कुठेच मिळणार नाही. कुडाची गोल घरे हा त्याचाच भाग. पण राजधानीच्या नादात त्यांचा उपयोग फक्त नाव पटवण्यापुरता झाला.

सेमिबुग्रीच्या बाबतीत हे सगळे अजून करता येण्यासारखे आहे. दोन्ही जागा एकाच जिल्ह्यात आहेत, म्हणजे एकाच पद्धतीने बोअर घेऊन, एकाच मापाने विटा मोजून आणि दिरहम थरानुसार नोंदवून दोघींचा तक्ता शेजारी शेजारी मांडता येईल. कॅस्पियनची पातळी 1990 च्या दशकाच्या मध्यापासून पुन्हा उतरते आहे. ती आणखी खाली गेली, तर आजवर ओल्या राहिलेल्या तळाच्या थरात काम करणे सोपे होईल, मात्र त्याच वेळी ओलाव्यामुळे टिकलेले कूड आणि बोरू सुकून भुगा होण्याचा धोकाही वाढेल. तेव्हा तळाचे खड्डे कुठे घ्यायचे, हा निर्णय फार लांबवता येणार नाही.